करवत कुठंय?

इंग्लंडमधल्या लडलो गावातलं म्युरिअलचं लाकडी घर पाचशे वर्षांचं आणि चांगलंच कललेलं. जमिनीवर अंडं ठेवलं की ते घरंगळत थेट दारापर्यंत जायचं. नवरा सिरिल हट्टी. त्याने टेबल, कपाट, पलंग, सगळ्यांचे चढाकडचे पाय करवतीने आखूड केले, तेव्हा कुठे चहा कपात राहायला लागला.

पुढे दोघांचे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून ती दोघं गावाबाहेरच्या नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. सामान लावून झालं. म्युरिअलने टेबलावर कप ठेवला, तो घसरत सिरिलच्या मांडीवर.

“बघ,” पँट झटकत सिरिल म्हणाला, “हल्लीच्या गवंड्यांना साधी जमीन सपाट करता येत नाही. करवत कुठंय?”

करवत म्युरिअल जुन्या घरीच विसरून आली होती, आणि तेही आठवणीने.