शहाण्णव किलोची सेटिंग

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण का आला, ते विचारायची पद्धत न्हाई. "रुद्राणी तापट आहे," एवढं म्हणलं की विषय संपला. म्हणून आता मीच सांगते, अन् पहिल्यापासून सांगते.

मी जनावरांची डॉक्टर. घर लातुरात, दवाखाना रेणापुरात. सकाळी गाडी काढायची अन् दिवसभर खेड्यापाड्यांत फिरायचं. कुठं गाय अडलेली असते, कुठं म्हैस माजावर आलेली असते. डिक्कीत नायट्रोजनचं कंटेनर, त्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या गोठवून ठेवलेल्या. गाडी छोटीच आहे, पण इंजिन लई झकास. वर्षातनं दोनदा नांदेडबाहेर एका बंद सूतगिरणीच्या आवारात एक क्लब फेऱ्या लावतो. वळणावळणाचा डांबरी रस्ता, एका वेळी एकच गाडी, अन् घड्याळ. मागच्या डिसेंबरात तिथं एकोणतीस पुरुष होते अन् मी. मी तिसरी आले.

मी तिसरी आले अन् आमच्या संगमेशला गाडीची आवड लागली.

संगमेश माझा नवरा. घरात 'अहो' म्हणते, इथं नाव घेऊन सांगते, कारण डोकं फिरलंय. त्याची डाळमिल आहे. माणूस वाईट न्हाई. पीत न्हाई, हात उचलत न्हाई, लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात घास घालत न्हाई. फक्त मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देतो. हॉटेलात वेटर मला विचारतो, तो सांगतो, "तिला इडली." मला डोसा पाहिजे असतो. बारा वर्षं मी इडली खायलेय.

तर डिसेंबरात माझा पहिला नंबर कुठं गेला, ते मला ठाऊक होतं. वळणावर गाडी कलंडल्यासारखी झुकायची अन् सरळ व्हायला उशीर लावायची. सस्पेन्शन कंपनीचंच, घरगुती. ते बदलायचं ठरवलं अन् मी चार महिने त्याच्या मागं लागले. वाचलं, व्हिडिओ बघितले, दोघा-तिघांना फोन केले. वहीत लिहून काढलं. उंची कमी करायची न्हाई, कारण आमच्या रस्त्यावरचे गतिरोधक गावकऱ्यांनी आपल्या हातानं घातलेत, ते कुणाच्या मापात न्हाईत. स्प्रिंग जराशीच कडक. शॉकॲब्जॉर्बर मात्र नॉबवर कमीजास्त होणारे. सोमवार ते शनिवार नरम, रविवारी कडक. कारण डिक्कीतलं कंटेनर आदळलं तर त्याची मान तडकते, नायट्रोजन उडून जातो अन् कांड्या मरतात. माझा सगळा धंदा त्या मानेवर उभा आहे.

असलं काम आमच्या भागात नीट करणारा एकच, नांदेडचा अंगद. चारी चाकांखाली चार वजनकाटे ठेवतो, चालवणाऱ्याला सीटवर बसवतो अन् कुठल्या चाकावर किती भार पडतो ते बघून एकेक स्प्रिंग वरखाली करतो. ड्रायव्हरच्या वजनाला गाडी लावायची, असं तो म्हणतो. वळणावर गाडी दोन्हीकडं सारखी वागायची असंल तर हे लागतंच. रविवारच्या फेऱ्यांच्या आधीच्या बुधवारी आम्ही त्याच्याकडं गेलो. मी एकटीच जाणार होते. संगमेश म्हणाला, "एकटी कशाला? तुला फसवतील." अन् येऊन बसला.

मी वही उघडली. अंगदनं वही बघितली, मान हलवली अन् संगमेशकडं बघून विचारलं, "मग मालक, काय टाकायचं?"

"सगळ्यात भारी काय हाय?"

"पूर्ण किट हाय. दोन इंच खाली बसतंय. लई कडक. ट्रॅकवर हलत न्हाई बघा."

"तेच टाका."

"अहो," मी म्हणलं, "खाली नको. मला खेड्यात जायचं असतंय."

"अगं, टाकायचं तर पूर्ण टाकावं. अर्धवट कशाला?" अन् अंगदला म्हणाला, "मॅडम जरा भितात."

मी भिते! बिथरलेल्या म्हशीच्या मागं उभी राहून खांद्यापर्यंत हात आत घालणारी मी, अन् मी भिते. तिथंच बोलायला पाहिजे होतं. बोलले न्हाई. चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा करू न्हाई, हे आईनं इतकं कोंबून भरलंय की ऐन वेळी जीभ टाळूला चिकटते. त्यापायी मला संगमेशपेक्षा स्वतःचाच राग जास्त आहे.

दुपारी किट बसलं. काटे मांडले, तेवढ्यात पंचफुलाबाईचा फोन आला. पंचफुलाबाई रेणापूरजवळच्या एका वस्तीवर राहते, दारात एकच म्हैस. म्हशीचे दोन माज वाया गेलेले, आता तिसऱ्याची वाट बघायली होती. रेंज येईना म्हणून मी गेटबाहेर जाऊन बोलले. दहा मिनिटांनी आत आले तर माझ्या सीटवर संगमेश. पोट स्टिअरिंगला टेकलेलं, हात घड्याळातल्या दहा-दोनसारखे चाकावर, अन् अंगद गाडीखाली पाना फिरवायलाय.

"हे काय?"

"झालंच," अंगद म्हणाला. "मालकाच्या वजनाला लावली. शहाण्णव किलो."

"अरे, गाडी मी चालवते! मी अठ्ठेचाळीस किलोची आहे!"

अंगद गाडीखालून बाहेर आला, माझ्याकडं न्हाई, संगमेशकडं बघितलं. "मालक, मला वाटलं गाडी तुमची हाय."

"हाय की," संगमेश म्हणाला. ते खरंच होतं. शोरूममध्ये त्याचं आधार कार्ड मागितलं अन् मी काढून दिलं होतं. "राहू दे आता. एवढ्यातेवढ्यानं काय फरक पडतोय? उशीर व्हायलाय."

परतताना अडीच तासांचा रस्ता. तो म्हणाला, "बघ, कशी बसलीय गाडी!" माझे दात एकमेकांवर आपटायले होते.

शुक्रवारी सकाळी सहालाच पंचफुलाबाईचा फोन. "बाई, म्हस रातभर वरडायलीय. लवकर ये." मी निघाले. वस्तीचा रस्ता तुम्हाला काय सांगू. आधी त्या रस्त्यावर गाडी पोहत गेल्यासारखी जायची. आता एकेक खड्डा पाठीच्या मणक्यात मोजता यायला. पहिल्या गतिरोधकाला गाडीचं पोट घासलं. दुसऱ्याला डिक्कीत धाडकन आवाज झाला. मी कंटेनर गोधडीत गुंडाळून, पट्ट्यानं बांधून ठेवलं होतं. तरी आवाज झाला.

वस्तीवर डिक्की उघडली तर कंटेनरवर बाहेरून पांढरं बर्फ धरलेलं. मी समजले. मान तडकली की असंच होतं. आत नायट्रोजन मोजायची पट्टी घालून बघितली, कोरडी. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या कांड्या मेलेल्या. दुसऱ्या दोघा डॉक्टरांना फोन लावले. एक लग्नाला माहूरला गेलेला, एकाकडं मुऱ्हा जातीच्या कांड्या नव्हत्या. लातूरहून आणायला माणूस पाठवला, तो येईस्तोवर दुपार झाली अन् म्हैस गपगार झाली. माज ओसरला. आता आणखी एकवीस दिवस.

पंचफुलाबाई ओरडली न्हाई. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं म्हशीच्या पाठीवर हात फिरवला अन् विचारलं, "ह्या डब्याला काय झालं?"

"गाडी आदळली, मावशी. नवं सस्पेन्शन टाकलंय. लई कडक झालं."

"कडक का टाकलं?"

"मी न्हाई टाकलं. मालकांनी टाकलं."

माझ्याच तोंडातनं 'मालक' आला. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "मालकाला सांगावं," ती म्हणाली, "फुडल्या बारीला त्येनीच यावं म्हशीपाशी. तू कशाला येतीस?"

कुणी मुस्काटात मारली असती तरी एवढी लागली नसती. मी गाडीत बसले, आरसा बघितला, कान लाल झालेले. घरी गेलेच न्हाई. गाडी सरळ नांदेडला काढली. रस्ताभर मी एकटी भांडत होते. सासूशी, आईशी, शोरूमवाल्याशी, बारा वर्षांच्या इडल्यांशी. लोहा ओलांडलं तरी माझं भांडण संपलं न्हाई.

अंगद चहा पीत होता. मला एकटीला बघून त्यानं माझ्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"गाडी वर घे," मी म्हणलं. "स्प्रिंग नरमातली टाक, उंची होती तेवढी कर. अन् काटे मांड. मी बसते."

"आता? ताई, परवाच तर…"

"आत्ताच."

त्यानं कप ठेवला, हात पुसले. पाना घेईल म्हणून मी बघायले, तर त्यानं खिशातनं फोन काढला. "एक मिनिट हं ताई. मालकाला विचारून घेतो."

मी त्याच्या समोर उभी. गाडीची चावी माझ्या हातात. अन् हा गडी माझ्या गाडीबद्दल माझ्याच समोर माझ्या नवऱ्याला विचारायलाय. "स्पीकरवर टाक," मी म्हणलं. त्यानं टाकला.

"मालक, मॅडम आल्यात. सेटिंग बदल म्हणायल्यात. काय करू?"

"अजिबात हात लावू नको," संगमेशचा आवाज आला. मागं डाळमिल घरघरत होती. "परवा मीच चालवणार हाय. फॉर्म माझ्या नावानं बदललाय. माझ्याच वजनाला लावलीय ना? मग मीच चालवलेली बरी. तिला काय तरी सांगून परत पाठव."

अंगद फोनकडं बघायला लागला. फोन तापला असावा तसा त्यानं तो धरला होता.

बघा म्हणजे. आधी माझ्या सीटवर बसायचं. मग म्हणायचं, सीट माझ्याच मापाची झालीय, तेव्हा मीच बसतो. एवढा राग मला जन्मात आला नव्हता. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज एकदम बारीक निघाला.

"अहो, मीच बोलायलेय."

"अगं… तू तिथंच हायस?"

"तुमच्या किटापायी आज माझं कंटेनर फुटलं. पंचफुलाबाईच्या म्हशीचा माज गेला. ते राहू दे, तुम्हाला त्यातलं कळणार न्हाई. डिसेंबरात तिसरं कोण आलं होतं?"

"तू. पण रुद्राणी, गाडी—"

"गाडी तुमच्या नावावर आहे. नंबर माझ्या नावावर आहे. तो कसा बदलणार?"

"घरी ये. घरी बोलू."

"घरीच तर न्हाई ना बोलत आपण! घरी तुम्ही बोलता." मी अंगदच्या हातातला फोन बंद केला. मग क्लबला फोन लावला. शनिवारी पाचपर्यंत नाव बदलता येतं, म्हणाले, चालवणाऱ्याच्या लायसनचा फोटो पाठवा. माझ्या लायसनचा पाठवला. नाव बदललं. दोन मिनिटांचं काम होतं. बारा वर्षं मी असली दोन-दोन मिनिटांची कामं अंगावर काढली होती.

अंगद अजून तसाच उभा. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, पट्टा लावला.

"मी इथनं उठणार न्हाई," म्हणलं. "तुला मालकाला विचारायचं असंल तर विचार. मालक इथं बसलाय."

तो खाली बघून हसला, वाईट हसला न्हाई. मग पोरांना हाक मारली, "जॅक आना रे." संध्याकाळपर्यंत काम चाललं. काट्यावर चार आकडे आले, त्यानं मोठ्यानं वाचून दाखवले, या वेळी मला. मी वहीत लिहून घेतले. खेड्यासाठी नॉब चौदावर, म्हणजे नरम; ट्रॅकसाठी पाचावर, कडक. जाताना म्हणाला, "ताई, तुमच्या वहीत लिहिलं होतं तेच बरोबर होतं." ते बुधवारी का न्हाई बोललास, असं विचारणार होते. पण त्याचं उत्तर मला माहीत होतं.

घरी अबोला. शनिवारी रात्री संगमेश म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हणलं, "डोसा."

रविवारी मी पहाटेच निघाले. तो मागनं जीपनं आला. मी रांगेत चौथी. नॉब पाचावर आणला, हवा तपासली, हेल्मेट घातलं. तेवढ्यात काचेवर टकटक. संगमेश. त्याच्याबी हातात हेल्मेट, कोरं, स्टिकरसुद्धा न काढलेलं. इकडंतिकडं बघत खाली वाकला. मिलमधले दोघं त्यानं फोटो काढायला आणले होते, ते मागं उभे.

"रुद्राणी, लोक बघायलेत," तो हळू म्हणाला.

"बघायलाच आलेत."

त्यानं घाम पुसला. खरं सांगते, त्या घटकेला मला त्याची दया आली. पण दयेनं राग जात न्हाई, दोन्ही एकाच वेळी राहतात. पुढची गाडी सुटली. तो पलीकडं जाऊन दुसऱ्या दाराला हात घालायला लागला. "बरं, तूच चालव. मी बाजूला बसतो. कुठं ब्रेक मारायचा ते सांगतो."

झेंडेवाल्यानं मला पुढं बोलावलं. मी आतनं दार लॉक केलं अन् काच बोटभर खाली घेतली.

"अहो," मी म्हणलं, "अंगदनं काटे लावले तेव्हा बाजूची सीट रिकामी होती. गाडी एकटीच्या वजनाला लावलीय."