पिंडासमोरचा शब्द

गुरुजींनी भाताचा पिंड दगडावर ठेवला, वर दही सोडलं आणि सगळ्यांना मागे सरायची खूण केली. अख्खा घाट मागे सरला. भाटघरच्या पाण्यावरून वारा येत होता. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते, चांगले डझनावारी होते, पण एकालाही भूक नसावी.

चिमाजी सरांचा दहावा म्हटल्यावर गर्दीला तोटा नव्हता. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांच्या डोंगरवाड्यांतून पोरी गोळा करून या माणसाने कबड्डीचा संघ उभा केला होता. कुणी पोलिसात लागली, कुणी रेल्वेत, कुणी शाळेवर. सकाळपासून भाषणं चालली होती. एका पुढाऱ्याने सरांना डोंगरातला हिरा म्हटलं. शेवटच्या महिन्यात याच पुढाऱ्याने हिऱ्याचा फोन उचलला नव्हता, पण दहाव्याला तसलं काही काढायचं नसतं.

बायकांच्या मागच्या रांगेत स्नेहल उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. एवढ्या गर्दीत ती जागा आपोआप राहिलेली नव्हती.

सरांच्या विरोधात तक्रार केली ती तिने. तिच्यामागून संघात आलेली गायत्री पुण्याच्या दवाखान्यात होती, तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. डॉक्टरांनी, काय काय घेत होतीस, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, मॅचच्या आधी सर ताकदीचं इंजेक्शन द्यायचे. स्नेहलला हे कळलं तेव्हा तिचा हात नकळत स्वतःच्या दंडावर गेला. तिनेही तेच घेतलं होतं, वर्षानुवर्षं, जीवनसत्त्व म्हणून. तिच्या पुढच्या रांगेत आज डोक्यावरून पदर घेऊन उभ्या असलेल्या, संघातल्या सगळ्याजणींनीच घेतलं होतं. बोलली ती एकटी. मग पेपरात आलं, चॅनेलवाले आले, आणि एके सकाळी सर मैदानावर छाती धरून बसले ते उठलेच नाहीत. लोकांनी दोन आणि दोन चार केले. हिने मारलं.

सोमवारी पुण्याला चौकशी समितीपुढे तिचा जबाब होता. गायत्रीच्या बापाला संघ चालवणाऱ्या क्लबने 'समजावून' झालं होतं. तो आता, पोरीचं दुखणं जन्माचंच आहे, असं म्हणत होता. स्नेहलने शब्द फिरवला की प्रकरण तिथेच मिटणार होतं.

कावळा शिवेना. मुंडण केलेला स्वरूप, सरांचा थोरला, पिंडासमोर हात जोडून म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. पुतण्या म्हणाला, संघ बंद पडू देणार नाही. क्लबचे अध्यक्ष साहेबराव पुढे झाले आणि त्यांनी मैदानाला सरांचं नाव आणि वेशीवर कमान, दोन्ही कबूल करून टाकलं. मेलेल्या माणसाच्या इच्छा जिवंत माणसांना बऱ्या तोंडपाठ असतात. ऊन चढलं. गुरुजींनी हळूच सुचवलं की दर्भाचा कावळा करून शिवता येतो, शास्त्रात तशी सोय आहे. साहेबरावांनी नाही म्हणून मान झटकली. सरांसारख्या माणसाला गवताचा कावळा? उद्या दोन्ही तालुक्यांत काय बोलतील? एवढं बोलून त्यांनी नजर मागच्या रांगेकडे वळवली.

"स्नेहल, पुढं ये, बाळ."

गर्दी दुभंगली. वाट करून द्यायला लोक फारच तत्पर होते.

"सरांचा जीव तुझ्यापाशी अडकलाय," साहेबराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "तुझं त्यांच्याशी जे ऱ्हायलंय ते बोलून टाक. सर, माझी चूक झाली, म्या खोटा आळ घेतला. एवढंच म्हण. कावळा शिवतोय का न्हाई बघ."

दोन-तीन मोबाईल वर झालेच होते. स्नेहल पोलिसात होती. हे वाक्य मोबाईलमध्ये शिरलं की सोमवारी त्याचं काय होईल, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"म्हण की गं," पुढच्या रांगेतली ठकुबाई मागे वळून कुजबुजली. ती संघाची पहिली कप्तान. "मेल्या माणसाशी कसलं वैर?"

वैर. स्नेहलला हसूच यायचं बाकी होतं. सर गेल्याचं कळलं त्या दिवशी ती पोलीस वसाहतीतल्या खोलीत दार लावून रडली होती, बापासाठी रडावं तशी. दहावीत असताना बापाने तिचं लग्न ठरवलं होतं. पोरीच्या जातीने मांड्या थोपटायच्या, हे त्याला मान्य नव्हतं. तेव्हा चिमाजी सर वेल्ह्याला त्यांच्या अंगणात येऊन बसले. पाण्याचा थेंब घेतला नाही, आवाज चढवला नाही, नुसते बसून राहिले. दिवस मावळायला आला तसा बाप म्हणाला, न्या बाबा पोरीला, पण आता उठा. तिच्या अंगावरची खाकी त्या बसण्यातून आली होती. आणि पुढे तिची बाही वर करून सुई टोचणारा हातही त्याच माणसाचा होता. लोकांना एवढंच हवं होतं, की तो देव होता का चोर. तिच्याकडे एका शब्दाचं उत्तर नव्हतं, आणि ते मागणाऱ्या प्रत्येकाचा तिला संताप येत होता.

तिने चपला काढल्या. पिंडासमोर जाऊन हात जोडले.

"सर," ती म्हणाली. "तुमी आमच्या अंगणात बसलात म्हणून मी शिकले. न्हाईतर आज कुठंतरी शेण काढत असते. हे मी सोमवारी सांगणार. इंजेक्शन तुमी दिलंत, काय हाय ते कधी सांगितलं न्हाई, आन् गायत्री मरायला टेकलीय. हे बी सांगणार. दोन्ही सांगणार. यातलं एक बी मागं घेणार न्हाई."

बाभळीवरचा एक कावळा उडाला, पाण्यावर एक गिरकी मारून पार पलीकडच्या डोंगराकडे निघून गेला. "बघा," मागून कुणीतरी म्हणालं, "पाखराला सुद्धा ऐकवलं न्हाई." आणि ती कुजबुज भराभर पसरली.

साहेबरावांचा चेहरा उतरला होता, पण माणूस मुरलेला. हे बोलायला तुला पुढे बोलावलं होतं का, असं त्यांनी विचारलं. जे राहिलंय ते बोल, असं तुम्हीच म्हणालात, असं ती म्हणाली. मग त्यांनी आवाज चढवला. नीट बोलल्याशिवाय ती इथून जायची नाही आणि गावही जायचं नाही, संध्याकाळ झाली तरी बेहत्तर.

"बसा," स्नेहल म्हणाली. "मी बी बसते."

आणि ती खरंच बसली. घाटाच्या तापलेल्या पायरीवर, पिंडाकडे तोंड करून, मांडी घालून. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढाऱ्याला दुसऱ्या दहाव्याला जायचं होतं, तो घड्याळ बघायला लागला. पाहुण्यांना भूक लागली होती. पदराखालच्या त्या सगळ्याजणी मात्र स्नेहलकडे बघत होत्या, आणि ठकुबाईची मान खाली गेली होती.

तेव्हा भामाबाई उठल्या. त्या सरांच्या बायको, सकाळपासून बायकांच्या गराड्यात बसून होत्या. संघाच्या सगळ्या पोरी त्यांना काकू म्हणत. कित्येक वर्षं शिबिराच्या पोरींना भाकरी-कालवण त्यांनीच रांधून घातलं होतं. आता ही पोरीच्या कानाखाली वाजवणार, म्हणून लोक सरसावले. मोबाईल पुन्हा वर झाले.

भामाबाई स्नेहलपाशी थांबल्याच नाहीत. त्या गुरुजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, दर्भाचा करा."

"वयनी," साहेबराव घाईने म्हणाले, "जरा दम धरा. येईल कावळा."

"त्यांची बायकू मी हाय. करा म्हनते."

गुरुजींनी दर्भाच्या काड्या वळल्या, गाठ मारली. स्वरूपने एकदा साहेबरावांकडे आणि एकदा आईकडे पाहिलं, मग तो गवताचा कावळा उचलून पिंडाला लावला. झालं. एवढ्यासाठी सकाळ गेली होती. लोक सुटल्यासारखे पाण्याकडे, गाड्यांकडे, मांडवातल्या पंगतीकडे निघाले. जाताना स्नेहलला वळसा घालायला कुणी विसरलं नाही.

घाट रिकामा होत आला तशा भामाबाई पायरीवर आल्या आणि गुडघ्यावर हात टेकत तिच्या शेजारी बसल्या. स्नेहलला वाटलं, आता बोलतील, आणि जे बोलतील ते मात्र मुकाट ऐकून घ्यायचं.

"सोमवारी कितीला बोलावलंय?" भामाबाईंनी विचारलं.

"अकराला, काकू."

"मी बी येते."

स्नेहलने मान वळवली. भामाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या.

"त्या बाटल्या माझ्या फ्रीजात असायच्या," त्या म्हणाल्या. "दुधाच्या पातेल्यामागं. पोलीस आले, पेपरवाले आले, समदे घरी येऊन चहा पिऊन गेले. मला कुनी इचारलंच न्हाई."