पुसू नये

मी एक जुना फळा आहे. मंठ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावीच्या वर्गात माझी उमर गेली. मित्रांनो, सुताराने मला घडवलं, रंगाऱ्याने काळं केलं आणि मास्तरांनी शहाणं केलं, असं मी समजत होतो. वर प्रश्न, खाली उत्तर, उत्तराखाली दोन रेघा. महत्त्वाचं असलं की भोवती चौकट आणि कोपऱ्यात 'पुसू नये'. मुलं म्हणायची, "फळ्यावर हाय म्हणजे बराबर हाय." याचा मला भारी तोरा होता.

मग मधुवंती मॅडम आल्या. तासिकेवर नेमलेल्या. प्राचार्य केशव सरांनी मान हलवली तरच पुढच्या वर्षी तास मिळणार. त्यांनी दोनशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कविता शिकवली. धुक्यात नदीपलीकडे दिवा हलतो. कवी अलीकडच्या काठावरच उभा राहून बघत राहतो. मॅडमनी लिहिलं, 'दिवा कोणाचा?' चौकट आखली, 'पुसू नये' लिहिलं आणि खडू ठेवून दिला.

"मॅडम, उत्तर लिव्हा ना," ऋषी म्हणाला.

"मलाच माहीत नाही रे. कवीलाही नव्हतं. न कळता जरा उभं राहायचं, एवढंच तो म्हणतो."

माझं तर डोकंच चालेना. उत्तराविना चौकट कशाची? मुलं मात्र भांडू लागली. कोणी म्हणे दिवा नावाड्याचा, कोणी म्हणे चकव्याचा.

एके दिवशी केशव सर तास बघायला आले. चौकट पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, परीक्षेत काय लिहायचं यांनी?" त्यांनी स्वतः खडू उचलला. 'दिवा म्हणजे आशा.' खाली दोन रेघा. माझा जीव भांड्यात पडला. मुलांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. मॅडमचा चेहरा उतरला.

तेवढ्यात अर्पिता उभी राहिली. "सर, उत्तर भेटलं. पण मंग तो दिवा विझला की."

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग डस्टर घेऊन त्यांनी आपलं उत्तर तेवढं पुसलं. जाता जाता मॅडमना हळूच म्हणाले, "पण कोणाचा असंल हो?"

जूनमध्ये मॅडम परत आल्या.

आता वर्गात स्क्रीन लागलाय. मी सायकल स्टँडच्या भिंतीला टेकून असतो. गोंधळ काही सुटला न्हाई, आणि त्याच्याशिवाय करमतही न्हाई. मित्रांनो, उन्हानं माझा रंग निघून राह्यला. रंग द्यायला जरूर या, पण अंगावर पुसट उरलेली तेवढी चौकट सोडा. आणि उत्तर सापडलंच, तर मला सांगू नका. तो दिवा अजून हलून राह्यला.