हिरवे ठिपके

यशोधराने बोटाने पंखे मोजले. आठ. त्यांतले फिरणारे सहा. कोपऱ्यातले दोन निमूट उभे. दाराशी गोणपाटावर एकोणीस कोंबड्या मरून पडल्या होत्या. तिच्या मोबाईलवर मात्र आठ पंख्यांचे आठ ठिपके होते आणि आठही हिरवे.

“मोबाईलमदी समदे चालू हायत की,” शेडच्या मालकीण लंकाबाई जाळीला ओली पोती बांधत म्हणाल्या. “माज्या कोंबड्याच खोटं बोलत असतील. खोटारड्या मेल्या!”

यशोधराला हसू आलं नाही. देवळाली प्रवराच्या या पोल्ट्रीचे पंखे चालवणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. तिने बंद मोटारींच्या वायरींना मीटर लावला. शून्य. दोन्ही जळाल्या होत्या.

खाद्याच्या पोत्यावर तिने लॅपटॉप उघडला. प्रोग्राममध्ये प्रत्येक पंखा म्हणजे एक ऑब्जेक्ट, त्याची स्वतंत्र नोंद, आणि त्याच्या अवस्था ठरलेल्या: तयार, सुरू होतोय, चालू, बंद, बिघडलेला. ‘सुरू होतोय’ असताना मोटार वीज ओढते का ते तपासायचं, मगच ‘चालू’ म्हणायचं. पण तेवढा वेळ ठिपका पिवळा राही आणि गिऱ्हाइकं कुरकुरत. म्हणून तिच्या कंपनीच्या केडगावच्या ऑफिसात मालक अनीशसरांनी ती पायरीच काढायला लावली. तेव्हापासून हुकूम सुटला की पंखा ‘चालू’. मास्तरांनी नाव पुकारावं आणि पोराच्या ‘हजर’ची वाट न बघता हजेरी लावून मोकळं व्हावं, तसं.

तिने पायरी परत घातली. दोन ठिपके लाल झाले. मग सरांना फोन लावला.

“ठीक आहे, पण फक्त तिथंच ठेव,” ते म्हणाले. “बाकीच्यांकडे पाठवलंस तर उद्या सगळे माझ्या दारात उभे राहतील.”

“सर, बाहेर बेचाळीस अंश आहे.”

“यशोधरा, नोकरी करायची आहे ना तुला?”

फोन बंद झाला. लंकाबाई पोत्यांवर पाणी मारायच्या थांबल्या.

“काय म्हनतो तुजा सायेब?”

“मावशी, वायरमनला बोलवा. मोटारी बदलाव्या लागतील.”

“बोलावलाय कवाच. तू का अशी घामाघूम झाली? हिकडं पंख्याम्होरं ये.”

ती जागची हलली नाही. तळहात ओढणीला पुसला, जिल्ह्यातले सगळे शेड निवडले आणि बटण दाबलं. पडदाभर ठिपके पिवळे झाले. मग एकेक रंग बदलू लागला. शेवटचा पिवळा जाईपर्यंत ती थांबली आणि मग तिने मोजलं.

एकतीस शेड, दोनशे अठ्ठेचाळीस पंखे. लाल सदतीस.