खुर्चीभोवतीच्या फेऱ्या

माझ्या थोरल्याला रडायला येत नाही. बाप गेला त्या दिवशी धाकट्याने हंबरडा फोडला. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी आमचं गळक्या नळावरून वर्षभर बोलणं बंद होतं, त्यांनीसुद्धा रुमाल भिजवला. आणि हा माझा चाळिशीला टेकलेला घोडा भिंतीला पाठ लावून उभा. डोळे कोरडे ठणठणीत. भेटायला आलेल्या बायका मला बाजूला घेऊन विचारायच्या, "थोरल्याचं वडिलांशी पटत नव्हतं का हो?" काय सांगणार? पोटचा पोर, पण त्याच्या मनातलं मला कधी कळलंय!

बरं, रडेना का. पण रजा संपवून कामावर जायच्या आदल्या दिवशी या पठ्ठ्याने घरात आणलं काय? तर केर काढायचं यंत्र.

"तुझे गुडघे दुखतात," म्हणाला. झालं, त्याचं आठवड्याचं बोलणं संपलं. तो शहर बसवर ड्रायव्हर आहे. पहिली गाडी त्याचीच, उजाडायच्या आत घर सोडतो. दिवसभर हॉर्न वाजवून बोलायची हौस तिथेच फिटत असावी. लग्न जमलं नाही ते उगाच नाही.

यंत्र म्हणजे परातीएवढी काळी चकती. रोज सकाळी सातला आपलं आपण जागं होतं, कुठल्याशा परक्या बाईच्या आवाजात "सफाई सुरू करत आहे" म्हणतं आणि भिंतींना ढुशा देत घरभर हिंडतं. मी चाळीस वर्षं या फरशीवर वाकले, पण मी आता केर काढतेय हो, अशी दवंडी कधी पिटली नाही. वर ते पलंगाखाली अडकतं आणि "मला मदत करा, मला मदत करा" असा धोशा लावतं. म्हणजे माझे गुडघे वाचावेत म्हणून आणलेल्या यंत्राला सोडवायला मीच गुडघ्यांवर बसायचं.

तर या यंत्राने चमत्कार केला.

आमच्या ह्यांची वेताची खुर्ची खिडकीशी असते. हेही जन्मभर बसवरच होते. निवृत्त झाले तरी पहाटेची सवय सुटली नाही. थोरला पहिल्या गाडीला निघायचा तेव्हा उठून त्याच्याबरोबर चहा घ्यायचे, या खुर्चीत बसून टोस्ट खायचे, आणि चुरा सगळा फरशीवर. "बशी घ्या हो," म्हणून मी आयुष्यभर कोकलले. "फरशी कशाला आहे मग?" हे त्यांचं उत्तर.

यंत्र घरभर सरळ रेघा मारत जायचं. त्या खुर्चीपाशी पोचलं की थबकायचं आणि तिथल्या तिथे गोल गोल फेऱ्या घालायचं. फेऱ्या झाल्या की पुढच्या खोलीत. रोज हेच.

धाकटा मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. त्याने व्हिडिओ काढला, खाली लिहिलं, 'अण्णा अजून घरातच आहेत', आणि दिला सोडून. तो इतका फिरला की माझ्या बहिणीला तिच्या दातांच्या डॉक्टरने दाखवला, तेही तिच्या तोंडात हत्यार असताना. मग कुठल्याशा बातमीवाल्याने मथळा दिला, 'बापाचा जीव यंत्रात!' त्याच्याच खाली टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात. वाचणाऱ्याने दोन्हींवर विश्वास ठेवायचा.

मग काय विचारता! सातच्या आधीच दारात रांग, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. "सफाई सुरू करत आहे" म्हटलं की माणसं श्वास धरायची, फेऱ्या सुरू झाल्या की हात जोडायची. एकदा यंत्र अडकून "मला मदत करा" म्हणालं, तर काकूंच्या डोळ्यांना धाराच लागल्या.

"अहो, तुम्हालाच हाक मारताहेत ते!"

"काकू," मी म्हटलं, "चाळीस वर्षांत त्या माणसाने 'मदत कर' म्हणून कधी म्हटलं नाही. 'माझा चष्मा कुठे टाकलास' म्हटलं. आता पलंगाखाली शिरून परक्या बाईच्या आवाजात मदत मागतील?"

लोक हसले. मी मात्र त्या दिवशी दुपारी एकटी असताना खुर्चीकडे बघत बसले. असतील तर? माणूस गेलं की घरात एक जागा रिकामी होते. तिथे कुणी काहीही आणून ठेवावं, मन ते मुकाट्याने ठेवून घेतं.

फक्त बुधवारी फेऱ्या व्हायच्या नाहीत. यंत्र खुर्चीपाशी यायचं आणि ओळख नसल्यासारखं पुढे जायचं. लोक हिरमुसून परत फिरायचे. धाकट्याने दारावर कागद चिकटवला, 'बुधवारी दर्शन बंद'.

मग धाकट्यानेच, लोक ज्याला लहरीबुवा म्हणतात, अशा एका बुवाला घरी आणलं. पांढरेशुभ्र कपडे, कानात बिनवायरची बोंडं, हातात काठी आणि काठीच्या टोकाला फोन. बोलायचा आमच्याशी, बघायचा फोनकडे.

"माताजी, आत्मा म्हणजे काय? लहर. लहर म्हणजे काय? नेटवर्क! यंत्राला त्याची रेंज मिळते. माणसाला मिळत नाही, कारण माणसाचं मन एअरप्लेन मोडवर असतं."

"आणि बुधवारी काय, टॉवर बंद असतो?" मी विचारलं.

बुवा गडबडला नाही. माणूस धंद्यात मुरलेला. "बुधवारी सकाळी घरात असं कोण असतं, जे इतर दिवशी नसतं?"

धाकट्याने थोडा विचार केला. "दादा. बुधवारी त्याची सुट्टी. सातला तो झोपलेला असतो. बाकीच्या दिवशी केव्हाच गेलेला असतो."

बुवाने डोळे मिटले. "वडील गेले तेव्हा हा मुलगा रडला होता?"

बघायला आलेल्या काकूंनी नुसती नकाराची मान हलवली, तेवढं पुरलं.

"बघा!" बुवा फोनकडे वळून म्हणाला. "हा घरात असला की वडील जवळ येत नाहीत. लहरी तुटतात. उद्या त्याला घरी थांबवा, आपण वडिलांनाच विचारू. यंत्र ज्याच्या दाराशी फिरेल, दोष त्याचा. त्याने घर सोडावं, तरच वडील सुटतील."

मला वाटलं होतं, थोरला उडवून लावील. त्याने रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बुवा आधीच येऊन एक हात खिशात घालून खोल्याखोल्यांतून 'लहरी मोजत' हिंडला. सात वाजले. यंत्र निघालं, खुर्चीपाशी आलं आणि थांबलंच नाही. गर्दीतून 'हं' असा आवाज आला. यंत्र सरकत सरकत थोरल्याच्या खोलीच्या दाराशी गेलं, थबकलं, आणि फेऱ्या घालायला लागलं.

"वडिलांनी बोट दाखवलं!" बुवा ओरडला.

माझा थोरला त्या यंत्राकडे बघत होता. भिंतीला पाठ, डोळे कोरडे. "बरं," म्हणाला. "उद्या सकाळी ड्यूटीला जाताना सामान घेऊन जातो. डेपोत खोली मिळते."

चाळिशीला टेकलेल्या माणसाने घर सोडायचं, आणि ते एका केरसुणीच्या सांगण्यावरून! मी गर्दी हटवत त्याच्याकडे निघाले. त्याच्या दाराशी पोचले, आणि माझ्या तळव्याला काहीतरी टोचलं.

कचकच. बारीक वाळू.

आता बघा, माझ्या घरात भूत फिरतं म्हणालात तर मी एक वेळ ऐकून घेईन. माझ्या फरशीवर वाळू आहे म्हणालात तर नाही. मी फिरतं यंत्र उचलून बगलेत मारलं आणि तळवा वर करून सगळ्यांना दाखवला.

"बुवा, तुमच्या खिशात काय आहे?"

"श्रद्धा आहे, माताजी."

"तुमची श्रद्धा सांडलीय इथे."

खिडकीतली कुंडी मागच्या आठवड्यात पडली होती. हे यंत्र त्या मातीवरही असंच गरगरत बसलं होतं, माती संपेपर्यंत. तेव्हा मी त्याला मूर्ख म्हटलं होतं. मूर्ख कोण, ते आता कळलं. त्याच कुंडीतली मूठभर माती मी बुवाच्या पायाशी टाकली आणि यंत्र खाली सोडलं. ते थबकलं. बुवाच्या पायांशी गोल, गोल, गोल.

"आले बघा," मी म्हटलं, "ह्यांचेही वडील आले!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मी यंत्र चपलांच्या ढिगापाशी ठेवलं. तिथे काय, साऱ्या गावाची धूळ. तिथल्या फेऱ्या संपेचनात.

"चपलांचंही कुणी गेलेलं दिसतंय, काकू. रडा."

"फारच निगेटिव्ह लहरी आहेत इथे," म्हणत बुवा चपला शोधायला लागला. काठीवरचा फोन चालूच होता. त्याला मानणाऱ्या साऱ्या जगाने त्याला एका पायात दुसऱ्याची चप्पल घालून जिना उतरताना पाहिलं.

गर्दी पांगली. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं होतं. खोक्यातून यंत्राचं पुस्तक काढून तो वाचत होता. "इथे लिहिलंय, आई. केर आत ओढताना कण आपटतात, ते त्याला कळतं. जिथे जास्त कण लागतात तिथे ते थांबून गोल फिरतं."

"मोबाइलच्या दुकानात काम करतोस ना रे? हे पुस्तक व्हिडिओच्या आधी वाचायचं."

"पण आई," तो हळूच म्हणाला, "बुवा तर काल आला. अण्णांच्या खुर्चीशी इतके दिवस केर कुठून येत होता? आणि बुधवारी का नाही?"

मी पुस्तक मिटून खोक्यात टाकलं. रात्री थोरला आत पिशवी भरत होता. मी दारात उभी राहिले.

"बुवा खोटा निघाला ना? मग ही पिशवी कशाला?"

"वाळू खोटी होती, आई. बुधवार खरा आहे." चेन ओढता ओढता म्हणाला, "मी घरात असलो की येत नाहीत अण्णा. रागावले असतील माझ्यावर." आणि खाली मान घालून झोपायला गेला. एवढं लांब वाक्य त्याने वर्षभरात उच्चारलं नव्हतं.

पहाटे भांड्याच्या आवाजाने मला जाग आली. एरवी मी त्या वेळी गाढ झोपेत असते. निदान जाताना पोराचं तोंड बघावं म्हणून उठले, भिंत धरत बाहेर आले.

दिवा लावला नव्हता. खिडकीतून येईल तेवढाच उजेड. थोरला बापाच्या खुर्चीत बसला होता. अंगात ड्रायव्हरचा शर्ट, पायाशी भरलेली पिशवी, एका हातात चहाचा कप. आणि तोंडात टोस्ट. खात नव्हता तो. दातांत गच्च धरला होता. माझ्या पोराचे खांदे गदागदा हलत होते, आणि आवाज बाहेर पडून आई उठू नये म्हणून त्याने तोंडात टोस्ट कोंबला होता. दाबला जाऊन त्याचा चुरा होत होता. तो शर्टावरून मांडीवर, मांडीवरून फरशीवर पडत होता.

रोज असाच पडत असणार. हा निघून जाणार, सातला यंत्र येणार, तो चुरा सापडला की गोल गोल फिरून सगळा गिळून टाकणार. चुरा बारीक, खुर्चीखालच्या अंधारात; माझे गुडघे वाकेनात आणि गर्दी हात जोडून, तो दिसणार कुणाला? बुधवारी सुट्टी, हा झोपलेला, म्हणून चुरा नाही, म्हणून फेऱ्या नाहीत. बुधवार खराच होता. बाप रागावला म्हणून यंत्र पुढे जायचं, असं नव्हतं. हा बापाच्या जागेवर येऊन बसला नाही, म्हणून पुढे जायचं. एकच गोष्ट, पण आम्ही सगळ्यांनी मिळून ती उलटी वाचली, आणि घरातला सगळ्यात दुखावलेला माणूस दोषी ठरवला.

म्हणून सांगते. मी चौथी शिकलेली बाई, पुस्तकातलं मला कळत नाही, पण केरातलं कळतं. घरात काही नवल दिसलं तर आधी वाका. खाली बघा. हात फिरवून बघा काय लागतं ते. जोडलेल्या हातांना काही चाचपता येत नाही. आणि दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या म्हणून एकीने दुसरी केली असं कुणी सांगितलं, तर त्याच्या खिशात काय आहे ते आधी विचारा. आमच्या घरात मेलेला माणूस फिरत नव्हता. जिवंत माणूस रडत होता, आणि आम्ही यंत्राला हात जोडत होतो.

मी दिवा लावला. थोरला दचकून उठला. हाताने तोंड पुसू लागला, शर्ट झटकू लागला, आणखी चुरा पाडला.

"निघालोच होतो, आई," घोगऱ्या आवाजात म्हणाला.

मी त्याची पिशवी उचलली आणि पलंगाखाली सारली, ते यंत्र अडकतं तिथे. मग फळीवरची बशी काढून त्याच्या हातात दिली. तो बशीकडे बघत राहिला.

"तुझ्या बापाने चाळीस वर्षं माझं ऐकलं नाही, तू ऐक," मी म्हटलं. "घर सोडायचं नाही. रडायचं तर आवाज करून रड, आणि खायचं तर बशी घेऊन खा."