फेरपरीक्षा

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा डबा घरात आला तो लेकीसाठी. दोन वर्षं तिने त्यावर गाड्या पळवल्या, मग नोकरीसाठी ती दूर गेली आणि डबा टीव्हीखाली तसाच राहिला. बाईंना वाटलं, आता हा धूळ खाणार. पण यजमान पडले रेडिओ दुरुस्त करणारे. चालू वस्तू रिकामी बसलेली त्यांना बघवायची नाही. महिन्याभरात त्यांनी डब्यातून सिनेमे लावले, गाणी लावली आणि शेवटी जुन्या कॅसेटींतलं सगळं घरचं चित्रण त्यात भरलं.

"खेळण्यालासुद्धा कामाला जुंपलंत," बाई म्हणाल्या.

"मग? मी निवृत्त झालो म्हणून त्यानेही व्हायचं?"

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. चौतीस वर्षं गणित शिकवलेलं, त्यामुळे गल्लीत बाई आणि घरातही बाईच. नवरासुद्धा "बाई, चहा घेताय ना?" असंच विचारायचा.

वाद झाला तो एका बटणावरून. डब्याच्या रिमोटवर एक फुली होती आणि एक गोल.

"फुली म्हणजे हो, गोल म्हणजे नको," यजमानांनी समजावलं.

"फुली म्हणजे हो? कुठल्या शाळेत?"

"या डब्याच्या."

"मग डबा नापास."

तेव्हापासून रिमोट यजमानांच्याच हातात राहिला. ते गेल्यावर बाईंना तो हातात घ्यावा लागला. रविवारी दुपारी भांडी आवरली की त्या 'घरचं' नावाचा कप्पा उघडत. चुकत, पुटपुटत, पण उघडत. त्यात लेकीचं रांगणं होतं, अंगणातली सायकल होती, बाईंचे न संपणारे केस होते. यजमान मात्र कुठेच नव्हते, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. होता फक्त त्यांचा आवाज. "बाई, इकडे. हलू नका." आणि लगेच, हताश होऊन, "हललात." त्या एका शब्दासाठी बाई आख्खा तास बसत.

एका रविवारी डबा म्हणाला, जागा संपली. बाईंनी ठरवलं, जुन्या मालिका काढून टाकू. बोट घसरलं आणि निवड 'घरचं' कप्प्यावर गेली. नक्की काढायचं का, डब्याने विचारलं. अजून काही बिघडलं नव्हतं. छे, साफ चूक, असं म्हणत बाईंनी चौतीस वर्षांच्या सवयीने ठसठशीत फुली मारली.

कप्पा गेला.

 मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"मी बाबांना पुसून टाकलं गं."

"म्हणजे? नीट सांग, आई."

त्यांनी सांगितलं. पलीकडून चक्क हसू आलं.

"हसतेस काय?"

"अगं, बाबा म्हणाले होते, तुझी आई एक दिवस फुली मारणार. पण तिला आत्ताच सांगू नकोस, म्हणे, अपमान वाटेल. टीव्हीच्या कपाटामागे हात घाल."

बाई गुडघ्यांवर बसल्या. कपाटाच्या पाठीला चिकटपट्टीने एक पाकीट लावलेलं होतं. आत नखाएवढा पेन ड्राइव्ह, आणि पाकिटावर यजमानांचं ते कोंबडीच्या पायांसारखं अक्षर: 'फेरपरीक्षेसाठी'.

"फेरपरीक्षा हा एकच शब्द, जोडून लिहायचा, हे तरी कळलं होतं त्यांना," बाई म्हणाल्या.

"आई, लाव तो डब्याला. मी आहे फोनवर."

पेन ड्राइव्ह दुसऱ्या प्रयत्नात बसला. पडद्यावर 'घरचं' परत आलं. सुरू करायचं का, डब्याने विचारलं. बाईंचं बोट गोलावर गेलं, थबकलं, मागे आलं.

"फुली म्हणजे हो," त्या मोठ्याने म्हणाल्या, पाठांतर म्हणावं तशा. "या शाळेत."

अंगण उजळलं. केसांचा शेपटा सोडलेली एक तरुण बाई दोरीवरचे कपडे काढत होती. "बाई, इकडे," आवाज आला. "हलू नका."

बाई खुर्चीतून पुढे झुकल्या, पार पडद्याला नाक टेकेल इतक्या.

"हललात."