माझ्या बॉनेटवरचा कान

मित्रांनो, जव्हारला एसटी डेपोच्या मागच्या बोळात भास्करदादांचं गॅरेज आहे. तिथे जांभळाखाली विटक्या हिरव्या रंगाची जुनी जीप उभी दिसली, तर ती मीच. आजकालच्या गाड्या आपली तब्येत कॉम्प्युटरला सांगून मोकळ्या होतात. माझ्यासारखीची विचारपूस मात्र माणसालाच करावी लागते.

कारखान्यातून आले तेव्हा माझा रुबाब काय सांगू! मोठे साहेब माझ्यातून फिरायचे. पुढे साहेब नव्या गाडीत बसले आणि मी लिलावात गेले. सूर्यमाळच्या मुकेशने मला घरी नेलं. उन्हाळ्यात तिकडच्या विहिरी तळ गाठतात. मग पोशेऱ्याच्या विहिरीवर ड्रम भरायचे आणि चढ चढून पाड्यावर पोहोचवायचे, हे माझं काम. साहेबांपेक्षा हे ओझं मला आवडलं, खोटं कशाला बोलू?

माझं ट्यूनिंग भास्करदादा कानाने करत. ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा एक डबा माझ्या इंजिनावर आहे, मेकॅनिक त्याला डेल्को म्हणतात. दादा त्याचा बोल्ट सैल करायचे, लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावायचे, आणि डोळे मिटायचे. मग डेल्को केसभर इकडे, केसभर तिकडे. ठिणगी जरा लवकर पडली, की भरल्या चढावर इंजिन आतून ठोके देतं, तापतं आणि दम सोडतं. रेस दिली की तो बारीक ठोका दादा बरोबर पकडायचे. इतकं मन लावून मला दुसऱ्या कुणी ऐकलं नाही.

पण कानालाही वय असतं. दादा दर वाक्याला "आँ?" म्हणू लागले. डेल्को चुकीच्या जागी आवळला जाऊ लागला आणि दादा खुशीत म्हणायचे, "बघ, आता कशी सतारीसारखी वाजते!" मी चढावर वाफा टाकत थांबायची. मुकेशला सगळं कळत होतं. पण ज्या कानावर अख्खा तालुका विसंबला, त्याला हे सांगायचं कुणी? त्याने एक ड्रम कमी केला. मग आणखी एक. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. भीड धरायची जव्हारात आणि तहान सोसायची सूर्यमाळने!

दादांची मुलगी प्रांजल ठाण्याला मोटारीचं काम शिकून आली होती. तिच्याजवळ टायमिंग लाइट होता, ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा. "बाबा, एकदा लाइट लावू या का?" तिने विचारलंही होतं. "दिव्याला कान असतात होय?" दादा हसले, आणि तिने लाइट पेटीत ठेवून दिला.

या वैशाखात बाजाराच्या दिवशी मुकेशची म्हातारी चुलती तानी माझ्यातून जव्हारला आली. दादा नुकताच बोल्ट आवळत होते. ती थेट त्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"भास्कर, तुला ऐकू येत नाय. गाडी चढावर ठोका मारते. आमचा पानी अर्धाच वर येतो."

"काकी, गप ना," मुकेश पुटपुटला.

"का गप? तू लाजतोस, नि सुना झऱ्यावर वाटी वाटी पानी भरत बसतात."

दादांनी मुकेशकडे पाहिलं. "खरं का रे?"

मुकेशने खाली बघतच मान डोलावली. मला वाटलं, आता दादा चिडणार, मुकेश दुसरी गाडी बघणार आणि मी भंगारात जाणार! दादांनी दांडा भिंतीला टेकवून ठेवला. मग म्हणाले, "सांगायचं ना रे लेका... प्रांजल, आण तुझा दिवा."

इंजिनापुढच्या चाकावरची, म्हणजे पुलीवरची, टायमिंगची खूण तेलाच्या चिकट्याखाली दडली होती. दादांनी स्वतः ती पुसली आणि खडूची रेघ ओढली. इंजिन सुरू झालं. ठिणगीगणिक दिवा लुकलुकू लागला आणि गरगर फिरणाऱ्या पुलीवरची रेघ एका जागी थांबलेली दिसली. हव्या त्या जागेपासून ती पार ढळली होती. दादांनी ते डोळ्यांनी पाहिलं. मग मुलीच्या इशाऱ्यावर डेल्को त्यांनीच फिरवला, रेघ जागेवर येईपर्यंत.

त्या दिवशी पोशेऱ्याला सगळे ड्रम भरले. दादा पुढच्या सीटवर बसले. मी चढ चढले, कुठेही न थांबता!

"ठोका येतो का रे?"

"नाय, दादा."

"आँ?"

"नाय येत, दादा!" मुकेश ओरडला.

पाड्यावर बाया हंडे घेऊन धावत आल्या. दादा उतरले आणि त्यांनी माझ्या बॉनेटला कान लावला. मी माझी सगळ्यात स्वच्छ चाल त्यांना ऐकवत होते. त्यांना ती ऐकू आली नाही. मग त्यांनी तिथे तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मित्रांनो, आता प्रांजल मला दिव्याने ट्यून करते. नाव ठेवायला जागा नाही, तरी त्या लाकडी दांड्याची आठवण येते. जुन्या गाडीला कोणती पद्धत लावायची, ते तिच्या चढाला विचारा, आपल्या भिडेला नको. आणि तुमच्या घरी कुणी सारखं "आँ?" म्हणू लागलं, तर गुपचूप ड्रम कमी करू नका. जवळ जा आणि तानीसारखं मोठ्याने सांगा.

गॅरेजात गेले की दादा अजून माझ्या बॉनेटवर हात ठेवतात. प्रांजल दिवा धरून म्हणते, "रेघ तर जागेवर आहे, मग ही एवढी थरथरते का?"

हाताला तरी कळावं, म्हणून.